डेमो रूममधली पद्धत की वॉर्डातली पद्धत? : नर्सिंगच्या पहिल्या वर्षातले प्रश्न

ओवी_नांदेड

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नर्सिंग फाउंडेशन हा विषय सध्या सगळा दिवस व्यापून आहे. कॉलेजच्या डेमो रूममध्ये बेड मेकिंग, हात धुणे, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, स्पंज बाथ, माउथ केअर असं एकेक शिकवतात. मॅडम करून दाखवतात, मग आम्ही रिटर्न डेमो देतो. ट्रे लावण्यापासून शेवटी नोंद करण्यापर्यंत प्रत्येक पायरीला मार्क असतात.

आता क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालंय आणि माझा गोंधळ उडालाय. डेमो रूममध्ये स्पंज बाथला पाऊण तास लागतो, वॉर्डात तोच पंधरा मिनिटांत उरकतात. डेमो रूममध्ये बीपी घेण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. वॉर्डात सिस्टर एका टोकाकडून सुरुवात करतात आणि दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांचं बीपी घेऊन मोकळ्या होतात. परवा मी पुस्तकातल्यासारखं करत होते, तर एक सीनियर म्हणाली, "हे परीक्षेपुरतं असतं गं, खरं काम इथं शिकशील."

माझा प्रश्न सरळ आहे. हात आत्ता तयार होतायत, त्यांना कुठली सवय लावू? इथं बऱ्याच जणी नर्सिंगमध्ये आहेत म्हणून विचारतेय. पेशंट म्हणून किंवा नातेवाईक म्हणून अनुभव असतील तर तेही सांगा.

सह्याद्रीचा_वारा

उत्तम धागा. वाचतोय.

मंजिरी_के

ओवी, स्वागत. मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, बरीच वर्षं झाली.

तुझ्या सीनियरचं वाक्य मी प्रत्येक बॅचच्या तोंडून ऐकते. त्यात अर्धं खरं आहे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. त्यात दोन नवीन ॲडमिशन, एक ब्लड चालू, एकाची सलाईन बंद पडलेली, एका आजोबांनी राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) ओढून काढलेली. अशा वेळी पाऊण तासाचा स्पंज बाथ कुणीही देऊ शकत नाही, आणि जी देत नाही ती वाईट नर्स ठरत नाही. वॉर्डातल्या माणसांना नावं ठेवत शिकू नकोस एवढं पहिलं सांगते.

पण काही गोष्टी आग लागली तरी मी सोडत नाही. त्यातली पहिली म्हणजे पेशंटला नाव विचारणं. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारायचं नाही. "तुमचं पूर्ण नाव काय, आजी?" असं विचारायचं, आणि उत्तर केस पेपरशी ताडून बघायचं. तापानं ग्लानीत असलेली किंवा कानानं कमी ऐकू येणारी बाई कुठल्याही प्रश्नाला "हो" म्हणते. आमच्या वॉर्डात एकाच वेळी दोन शांताबाई, दोघींची आडनावं सारखी, दोघींना वेगळी इंजेक्शनं, असं नेहमी घडतं. बेड नंबरवर तर अजिबात जाऊ नये, कारण दुपारी पंख्याखालचा बेड मिळावा म्हणून पेशंट आपापसांत जागा बदलतात!

हे नाव विचारायला पाच सेकंद लागतात. घाई असली तरी पाच सेकंद सगळ्यांकडे असतात.

ब्रदर_सोलापूर

मंजिरीताई, नाव विचारण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण "पाऊण तासाचा स्पंज बाथ कुणीही देऊ शकत नाही" हे विद्यार्थ्यांच्या धाग्यावर लिहायला नको होतं असं वाटतं. विद्यार्थिनीकडे वॉर्ड नसतो, तिला एक किंवा दोन पेशंट दिलेले असतात. तिच्याकडे वेळ आहे. हा वेळ आयुष्यात परत मिळत नाही. आत्ता सावकाश केलं तरच पुढं वेगानं करताना काय गाळायचं आणि काय नाही ते कळतं. सुरुवातच घाईच्या पद्धतीनं केली, तर गाळलेलं काय होतं तेच माहीत नसतं.

मी आयसीयूत आहे. आमच्याकडे येणारे नवीन ब्रदर आणि सिस्टर हात कसा धुतात ते बघून सांगता येतं की पहिल्या वर्षी कुणी त्यांच्यामागे उभं राहून बघितलं होतं की नाही. अंगठा आणि बोटांची टोकं राहून जातात. जागतिक आरोग्य संघटनेची साबणपाण्याची पद्धत ४० ते ६० सेकंदांची आहे, हँडरबची २० ते ३० सेकंदांची. सहा हालचाली आहेत, त्या अंगात भिनल्या की हात आपोआप चालतात. आणि ग्लोव्ह घातले म्हणून हात धुणं माफ होत नाही. एकच ग्लोव्ह घालून चार पेशंट फिरणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

मंजिरी_के

ब्रदर, मान्य. विद्यार्थिनीनं सावकाशच करावं. मी वॉर्डातल्या सिस्टरांची बाजू मांडत होते, कारण तीही कुणीतरी मांडायला हवी.

अनघा_टी

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. ओवीचा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि मला तो आवडतो. जी मुलगी हा प्रश्न विचारते तिनं वॉर्ड नीट बघितलेला असतो.

डेमोच्या पायऱ्या सगळ्या एका वजनाच्या नसतात, आणि हे आम्ही शिक्षक स्पष्ट सांगत नाही हा आमच्या शिकवण्यातला मोठा दोष आहे. बेड मेकिंगच घ्या. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला हवं, असं आपण शिकवतो. ते दिसायला नीटनेटकं दिसावं म्हणून आहे. पेशंटला त्यानं काही फरक पडत नाही. पण चादर झटकायची नाही, वापरलेली चादर अंगाशी धरायची नाही, जमिनीवर टाकायची नाही, हे जंतूंसाठी आहे. चादरीला चुणी ठेवायची नाही हे कातडीसाठी आहे. तिन्ही गोष्टी प्रोसिजर बुकात एकाखाली एक, एकाच अक्षरात छापलेल्या असतात. मग वॉर्डात वेळ कमी पडला की मुली अभ्र्याचं तोंड सांभाळतात आणि चादर झटकतात.

स्पंज बाथमध्येही तसंच. डोळा पुसताना नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे जायचं, आणि दुसऱ्या डोळ्याला कापडाची दुसरी बाजू वापरायची. एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्यात जाऊ नये आणि घाण अश्रुनलिकेकडे ढकलली जाऊ नये म्हणून. हात-पाय पुसताना बोटांकडून वर खांद्याकडे, मांडीकडे जायचं, म्हणजे शिरांतलं रक्त हृदयाकडे परतायला मदत होते. बायकांच्या नाजूक भागाची स्वच्छता पुढून मागे, कधीच मागून पुढे नाही. पाणी गार झालं किंवा साबणानं गढूळ झालं की बदलायचं.

ओवी, प्रत्येक पायरीला "हे का?" विचार. ट्यूटरला विचार, पुस्तकात शोध. ज्या पायरीचं उत्तर जंतू, कातडी, श्वास, पडणं किंवा चुकीचं औषध यांच्याशी जाऊन भिडतं, ती पायरी कुठल्याच वॉर्डात सोडायची नाही. बाकीच्यांत वेळ वाचव.

वर्षा_ऋतू

अनघाताई, हा प्रतिसाद छापून हॉस्टेलच्या दारावर लावायला हवा.

खडकवासला

मी या क्षेत्रातला नाही. वडील अर्धांगवायूनं पडून होते तेव्हाचा अनुभव लिहितो, कारण ओवीनं नातेवाइकांनाही विचारलंय.

आम्ही दोघे भाऊ वडिलांना वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचो. ते ओरडायचे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी पोस्टिंगला होती. तिनं खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक आडवी चादर अंगाखाली घालायला शिकवलं. दोघांनी दोन बाजूंनी चादर गोळा करून, माणसाच्या अंगाला शक्य तितकी जवळ धरायची. गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. "एक, दोन, तीन" मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे वडिलांनाही कळतं. मग उचलून सरकवायचं, घासत ओढायचं नाही. वडील त्यानंतर दुखतंय असं म्हणाले नाहीत आणि माझी कंबरही वाचली.

तिनं हे सगळं पुस्तकी पद्धतीनंच केलं असणार. त्या हॉस्पिटलात आम्हाला मोठमोठे डॉक्टर भेटले, पण घरी नेल्यावर रोज उपयोगी पडलं ते या मुलीनं शिकवलेलं.

मंजिरी_के

खडकवासला, फार बरं वाटलं वाचून. घासून ओढण्यानंच माकडहाडावरची कातडी सोलते. त्या मुलीनं तुमच्या वडिलांचा बेड सोअर (पडून राहून होणारी जखम) टाळला.

घरी पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून मालिश करत होता ना?

वर्षा_ऋतू

मंजिरीताई, इथं थोडा विरोध नोंदवते. स्पिरिट-पावडरची पद्धत आता शिकवत नाहीत. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, पावडरीच्या गुठळ्या घामात बसून घासतात. आणि हाडावरची जागा लाल झाली असेल तर तिथं मालिश करायचीच नाही, आतल्या पेशींना आणखी इजा होते. लाल जागेवर बोट दाबून बघायचं. बोट काढल्यावर क्षणभर पांढरं पडून परत लाल झालं तर रक्तपुरवठा अजून ठीक आहे. पांढरं पडतच नसेल तर ती बेड सोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीत लाली दिसत नाही, तिथं हाताला गरम किंवा कडक लागतंय का ते बघायचं.

माकडहाड, टाचा, कोपर, खवाटे, डोक्याची मागची बाजू, कुशीवर झोपवलं तर खुबा आणि कान. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि टाचा गादीपासून अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्यायची.

मंजिरी_के

वर्षा, आम्हाला स्पिरिट-पावडरच शिकवली होती आणि आमच्या काळी रोज सकाळी सगळ्या पडून असलेल्या पेशंटांना तीच व्हायची. आता वॉर्डात मॉइश्चरायझर वापरतो, हे खरं. तरी एक सांगते. त्या पाठीच्या कामामुळे रोज प्रत्येकाची पाठ उघडी करून बघितली जायची. आता क्रीम आली, एअर बेड आले, आणि पाठ बघणं मात्र कमी झालं. मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

वर्षा_ऋतू

हे अगदी मान्य. एअर बेड लावला म्हणून कूस बदलायची नाही असा समज सगळीकडे झालाय.

पारिजात

पाठीच्या काळजीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. अरुणा शानबाग यांचं नाव पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. मुंबईच्या केईएममध्ये त्या नर्स होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ ला गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. इतक्या वर्षांत त्यांना बेड सोअर होऊ दिला नाही. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या सेवेची वाखाणणी केली.

त्यात कुठलं यंत्र नव्हतं, महागडं औषध नव्हतं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, चादर ताठ ठेवणं, हेच होतं. पहिल्या सेमिस्टरला जे शिकवतात तेच. "चादरी घालायला कॉलेज कशाला" असं ज्यांना वाटतं त्यांना हे सांगा.

ब्रदर_सोलापूर

पारिजात, +१. आमच्या मॅडमनी पहिल्याच तासाला हे सांगितलं होतं. वर्गात कुणी काही बोललं नाही त्यानंतर.

डॉ_पानगळ

डॉक्टर आहे, नर्सिंगवाल्यांच्या धाग्यात पाहुणा म्हणून लिहितो. ओवी, माझी एक कळकळीची विनंती आहे. श्वास मोज.

टीपीआर चार्टवर ताप खरा असतो, नाडी बहुतेक वेळा खरी असते, आणि श्वसनाचा आकडा मात्र अख्ख्या वॉर्डात २० असतो, न्यूमोनियावाल्यालाही आणि हर्नियावाल्यालाही. वास्तविक पेशंट बिघडू लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासाची गती वाढते. बीपी त्यानंतर बऱ्याच उशिरा खाली येतं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. रात्री दोनला एखाद्या विद्यार्थिनीनं "सर, दहा नंबरच्या बाबांचा श्वास ३० आहे" एवढं सांगितलं तर मी झोपेतून उठून पळत येईन. आलोही आहे.

मोजायची रीत तुम्हाला शिकवलेलीच असेल. नाडी मोजून झाली की मनगट सोडायचं नाही. बोटं तिथंच ठेवून नजर छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पेशंटला सांगितलं की तो मुद्दाम नीट श्वास घ्यायला लागतो.

लीड्सकर

डॉक्टरसाहेब, इंग्लंडमध्ये याच कारणानं ऑब्झर्वेशनचा जो चार्ट वापरतात, न्यूज-टू म्हणतात त्याला, त्यात श्वसनाची गती सगळ्यात वरती आहे. प्रत्येक आकड्याला गुण असतात, बेरीज वाढली की कुणाला बोलवायचं ते ठरलेलं असतं. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी तो २०१७ मध्ये आणला.

ओवी, मी महाराष्ट्रात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून, काही वर्षं नोकरी करून इथं आले. इथं नोंदणी मिळण्याआधी लेखी परीक्षा असते आणि मग प्रात्यक्षिक, त्याला ऑस्की म्हणतात. त्या प्रात्यक्षिकात काय विचारतात माहितीये? हात धुतलेस का. स्वतःचं नाव सांगितलंस का. पेशंटची ओळख पटवलीस का. ॲलर्जी विचारलीस का. परवानगी घेतलीस का. पडदा ओढलास का. म्हणजे आपल्या पहिल्या वर्षाची डेमो रूमच. दहा-दहा वर्षं आयसीयू केलेल्या मुली त्यात अडकतात, कारण हात वॉर्डाच्या वेगाला सरावलेले असतात. माझ्या ट्यूटर मॅडम रिटर्न डेमोला पडदा ओढायचा राहिला की पहिल्यापासून करायला लावायच्या. इथं आल्यावर त्यांना फोन करून आभार मानले.

अजून एक, इथं कोपराखाली काही घालायचं नाही असा नियम आहे. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, फुल बाह्या नाहीत. घड्याळ युनिफॉर्मला पिनेनं लावायचं.

चिंचबन

डमीला परवानगी विचारायची का हो? माझी भाची यंदा जीएनएमला लागली. ती सांगत होती की त्यांच्या डमीचं नाव मुलींनी गंगाराम ठेवलंय आणि त्याला रोज "गंगारामकाका, आता तुमचं अंग पुसणार आहे हं" असं सांगावं लागतं. घरी येऊन तिनं आजोबांना औषध देताना पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली. आजोबा म्हणाले, "तुझ्या आईला विचार, मला पाळण्यात घातलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो." :)

अनघा_टी

चिंचबन, भाचीला सांगा, बरोबर करतेयस! डमीशी बोलायची लाज गेली की पेशंटशी बोलायची लाज जाते. गंगारामकाकांना आमचाही नमस्कार.

ओवी_नांदेड

इतके प्रतिसाद! सगळे वहीत उतरवून घेतलेत. अनघाताई, तुमचा "हे का?" मी कालपासून सुरू केलाय. प्रोसिजर बुकात प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलनं कारण लिहितेय.

अजून एक विचारते. बीपीचे आवाज मला नीट ओळखू येत नाहीत. सिस्टर म्हणतात १३०, मला १२० ला पहिला ठोका ऐकू येतो. वॉर्डात तर पंखा, मोबाइल, नातेवाइकांचं बोलणं.

वर्षा_ऋतू

आधी नाडीवर घेतेस का? बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि तिथंच आकडा चुकतो.

कफ (बीपी मशीनचा पट्टा) उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. बाही वर सारून ती दंडावर आवळत असेल तर बाही काढूनच घ्यायची. हात हृदयाच्या पातळीवर, टेबलावर किंवा उशीवर टेकलेला, अधांतरी नाही. मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा. नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवायचा, म्हणजे वरचं बीपी अंदाजे कळलं. हवा पूर्ण सोडायची. थोडं थांबून स्टेथो लावायचा आणि त्या आकड्याच्या ३० वर फुगवून सावकाश सोडत यायचं, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर. पहिला ठोका ते वरचं, आवाज नाहीसा झाला ते खालचं.

हे का, तर काही जणांचे, विशेषतः जुन्या बीपीवाल्यांचे आवाज सुरू होऊन मध्येच गायब होतात आणि खाली परत येतात. तू कमी फुगवलंस तर त्या मधल्या शांत पट्ट्यातच सुरुवात होते आणि वरचा आकडा खोटा, कमी येतो. नाडी आधी बघितली असेल तर फसगत होत नाही.

ब्रदर_सोलापूर

आणि कफचा आकार बघ. जाड दंडाला छोटा कफ लावला तर बीपी जास्त दिसतं. कफच्या आतल्या रबरी पिशवीनं दंडाचा साधारण ८० टक्के घेर व्यापायला हवा. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हातावर बीपी कधीच घ्यायचं नाही. स्टेथोची इअरपीस नाकाच्या दिशेनं वळलेली हवीत, उलटी घातली की निम्मा आवाज जातो. अवांतर: हे आवाज ज्यांच्या नावानं ओळखतात ते कोरोटकॉव्ह रशियन सर्जन होते, १९०५ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतात.

मंजिरी_के

ओवी, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, भेटीची वेळ नसताना, मैत्रिणीला बरोबर घे. दोघींनी एकाच पेशंटचं बीपी घ्या, आकडे कागदावर लिहा आणि मग दाखवा. आधी बोलून दाखवलं की दुसरीलाही तोच आकडा ऐकू येतो. इनचार्ज सिस्टरांना सांगून करा आणि पेशंटला विचारून करा. पेशंट नाही म्हणत नाहीत, उलट त्यांनाही गप्पा मारायला कुणीतरी मिळतं.

विवेक_गडचिरोली

मी दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा म्हणून एक अडचण मांडतो. स्त्री रुग्णांच्या वॉर्डात पोस्टिंग असलं की अंग पुसणं, कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची स्वच्छता) यांत आम्हाला बाजूला उभं करतात. पेशंटचा संकोच मी समजू शकतो. पण त्या दिवशी आम्ही काय शिकायचं ते कुणी ठरवत नाही, मग ऑक्सिजन सिलिंडर आणायला आणि लॅबला सॅम्पल पोचवायला पाठवतात.

दुसरं म्हणजे भाषा. आमच्याकडे माडिया बोलणारे पेशंट येतात. "दुखतंय का", "इथं हात लावू का", "पाणी हवं का", "लघवी झाली का" एवढी चार-पाच वाक्यं मी तिथल्या मावशींकडून शिकून घेतली. त्यानंतर इंजेक्शन देताना पेशंटनं हात आखडून घेणं जवळजवळ थांबलं. हे अभ्यासक्रमात नाही पण माझ्या मते पहिल्या आठवड्यातच शिकायला हवं.

अनघा_टी

विवेक, पहिल्या मुद्द्यावर तुझं म्हणणं रास्त आहे. ट्यूटरकडे सरळ मागणी कर की त्या वेळात पुरुष वॉर्डातला पेशंट द्या. आणि स्त्री रुग्ण तयार असेल, सिस्टर सोबत असेल, तर मुलांनी ते काम शिकायलाच हवं. पुढं आयसीयूत हे सगळं करावं लागणार आहे. भाषेबद्दल तर काय बोलू, फार चांगलं केलंस.

सह्याद्रीचा_वारा

सुया टोचण्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. सगळ्यांना त्याचीच उत्सुकता असते ना?

ब्रदर_सोलापूर

टोचणं शिकणं सोपं आहे हो. स्नायूत ९० अंशात, कातडीखाली ४५ किंवा ९०, कातडीत १० ते १५. टोचून झाल्यावर सुईचं काय करायचं ते जास्त महत्त्वाचं. टोपण परत लावायचं नाही. सुई थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्ताळलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या, ग्लोव्ह आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्यात. हॉस्पिटलच्या कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत.

आणि सुई टोचलीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धू, दाबून पिळू नकोस, आणि त्याच मिनिटाला इनचार्जला सांग. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर, काही तासांत, सुरू होतील तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग राहत नाही. विद्यार्थी ओरडा खायच्या भीतीनं लपवतात. लपवू नका रे. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर पोस्टिंगच्या आधी घ्या.

वर्षा_ऋतू

सलाईनचे थेंब मोजायलाही शिक. सेटच्या पाकिटावर एक मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं, साध्या सेटला बहुधा २०, मायक्रोला ६०. पाचशे मिली सहा तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २० भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. पंप नसलेल्या वॉर्डात हेच कामाला येतं.

खडकवासला

हे वाचून आता कळलं की ती मुलगी घड्याळाकडे बघत सलाईनसमोर का उभी राहायची. आम्हाला वाटायचं सुट्टी व्हायची वाट बघतेय.

ओवी_नांदेड

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं असं ठरलंय की पोस्टिंगमध्ये मला दिलेल्या पेशंटचं सगळं डेमो रूमसारखंच करायचं, वेळ लागला तरी. सिस्टरांच्या मदतीला गेले की त्यांच्या वेगानं, पण नाव, हात, श्वास, पाठ आणि सुई यांत काही गाळायचं नाही. आज एका आजींची पाठ बघितली. माकडहाडाजवळची जागा लाल होती, दाबल्यावर पांढरी पडत नव्हती. इनचार्ज सिस्टरांना सांगितलं. त्यांनी लगेच दोन तासांचा चार्ट लावला आणि पुढच्या पाळीला ओव्हर देताना (पेशंटची माहिती सोपवताना) मलाच बोलायला लावलं.

मंजिरी_के

शाब्बास. तूही तुझ्या नोंदीत वेळ, जागा, आकार लिहून सही केलीस ना? नसेल तर उद्या गेल्या गेल्या सिस्टरांना विचारून कर, आणि ती उशिरा केलेली नोंद आहे असं स्पष्ट लिही. मागची वेळ टाकायची नाही.

ओवी_नांदेड

लिहिलंय ताई, तेव्हाच. सेंटिमीटरमध्ये.

चिंचबन

भाचीला काहीतरी भेट द्यायचीय, साडेतीन हजारांपर्यंत. स्टेथोस्कोप देऊ का?

लीड्सकर

स्टेथो साधा चालतो आणि हॉस्टेलात हरवतो. सेकंद काटा असलेलं पिनेचं घड्याळ द्या, त्याला फार पैसे लागत नाहीत. उरलेल्या सगळ्या पैशांचे चांगले बूट. बंद पुढचे, न घसरणाऱ्या तळव्याचे, पुसता येतील असे. घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हाच खरं माप कळतं.